राखलेली झोप

बावणे वहिनींची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझा खलबत्ता पळवला त्या दिवशी. लग्न होऊन मी उमरेडहून भिलाईला आले होते, पेटीतलं सामानही पुरतं निघालं नव्हतं, आणि नव्या संसाराच्या हौसेने भर सकाळी जवसाची चटणी कुटायला बसले होते. दार उघडंच होतं. एक उंच, हाडकुळी बाई अनवाणी आत आली, माझ्या हातातला बत्ता काढून घेतला, खल कमरेवर घेतला आणि एक अक्षर न बोलता चालू लागली. मी आपली तोंड उघडं टाकून बघत राहिले. संध्याकाळी तीच बाई परत आली. खल धुऊनपुसून लख्ख, आत माझी चटणी बारीक कुटलेली, लसूण माझ्यापेक्षा सढळ हाताने.

"मी बावणे, बाजूच्या क्वार्टरची," ती म्हणाली. "आमच्या यांची नाईट चालू आहे. या हप्त्यात सकाळी काही कुटू नोको. पुढच्या हप्त्यात फर्स्ट लागते, तवा कूट मनभर."

रागवावं की हसावं ते मला कळेना. पुढची कितीतरी वर्षं त्यांच्या बाबतीत माझं असंच होत राहिलं, आणि शेवटी तर हसण्याचा प्रश्नच उरला नाही.

कारखान्याच्या गावात न राहिलेल्या माणसाला हे वेड वाटेल. पण भट्टी एकदा पेटली की ती विझवायची नसते, म्हणून तिच्यापाशी माणसं आळीपाळीने उभी करायची, अशी ती सगळी रचना. सकाळची फर्स्ट, दुपारची सेकंड आणि रात्रीची नाईट. आठवडा बदलला की माणसाचं जेवण बदलायचं, झोप बदलायची, पोट साफ होण्याची वेळसुद्धा बदलायची. आमच्या नागपूरकडच्या गावांत उजाडलं की उठायचं आणि अंधारलं की आडवं व्हायचं, हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. इथे आल्यावर ते मोडीत निघालं. बदल्यात मिळालं काय, तर पक्कं क्वार्टर, नळाचं पाणी, दवाखाना, शाळा आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं. सौदा वाईट होता असं मी म्हणणार नाही, आमची पोटं त्यावरच भरली. पण त्या सौद्यात बायकांचंही काही गेलं, ते कुणी हिशेबात धरलंच नाही. हजेरी नवऱ्याची लागायची आणि शिफ्ट बायकोचीही बदलायची.

माझे यजमान ऑफिसात कारकून होते, कायम दिवसाच्या जनरल शिफ्टला. सकाळी डबा घेऊन सायकलवर जायचे आणि संध्याकाळी त्याच सायकलवर रिकामा डबा वाजवत परत यायचे. वहिनींच्या लेखी ही नोकरीच नव्हती. "तुमचं काय बाप्पा, जनरलवाल्याइचं," असं त्या म्हणायच्या, आणि त्या म्हणण्यात थोडी कीव असायची, थोडा तोराही असायचा. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे बावणे भाऊजी, तापलेलं लोखंड लाटणाऱ्या रोलिंग मिलमध्ये होते. बुटके, भक्कम, गरीब गायीसारखे. या भाऊजींना मी जागेपणी फार कमी पाहिलं. एक तर ते कामावर असायचे, नाही तर झोपलेले असायचे, आणि झोपलेले असले की आमची अख्खी गल्ली चवड्यांवर चालायची.

झोप राखणं हेच वहिनींचं काम होतं. क्वार्टरच्या मागच्या खोलीच्या खिडक्यांना त्यांनी काळा कागद चिकटवला होता. दाराच्या घंटीची तार त्यांनी पहिल्याच वर्षी काढून टाकली. नाईटच्या आठवड्यात कुकर लावायचा नाही, शिट्टी होते. वरण पातेल्यात शिजायचं. फोडणी भाऊजी घरी यायच्या आधी देऊन ठेवायची. नळाखाली बादली ठेवली की तिच्यात आधी एक फडकं सोडायचं आणि त्याचं टोक नळाला बांधायचं, म्हणजे पाणी फडक्यावरून सरकत जातं, आवाज करत नाही. ही युक्ती नंतर गल्लीतल्या सगळ्या घरांनी उचलली. दूधवाल्याने कॅन वाजवायची नाही. भाजी विकणारी छत्तीसगढी बाई बाकीच्या सेक्टरमध्ये गळा फाडून ओरडायची, पण आमच्या गल्लीत शिरली की पाटी डोक्यावर घेऊन मुकाट्याने पायरीपाशी उभी राहायची. वहिनी स्वतः इतकं हळू बोलायच्या की त्यांच्याशी बोलणारा माणूसही नकळत आवाज खाली आणायचा. आमच्या सेक्टरमध्ये सगळ्यात शांत भांडणं आमच्या गल्लीत व्हायची.

सण तर त्यांच्याकडे ड्यूटीच्या तक्त्याप्रमाणे यायचे. लक्ष्मीपूजनाला भाऊजींची सेकंड असली की पूजा दुपारी बारालाच, कडक उन्हात, पणत्या लावून. एकदा तर दिवाळीच पुढे गेली, कारण भाऊजींचा ऑफ दोन दिवसांनी होता. मी चेष्टेने म्हटलं, वहिनी, लक्ष्मी आली असेल आणि दार बंद बघून आमच्याकडे वळली असेल. त्यावर त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या की लक्ष्मीला माहीत आहे हे घर कुणाच्या ड्यूटीवर चालतं, ती थांबेल.

एवढा आटापिटा का, हे मी एकदा विचारलंच, तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरगावचा एक जण, लांबचा भाऊ लागायचा, तो कुठल्याशा खासगी कारखान्यात लागला होता. घरात लहान पोर रात्रंदिवस रडायचं, त्यामुळे त्याची झोप होत नव्हती. अशाच एका दिवशी मशीनपाशी उभ्याउभ्याच त्याचे डोळे मिटले आणि उजव्या हाताची बोटं गेली. वहिनी तेव्हा नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या. त्या त्याला बघायला गेल्या तर त्याची बायको कोपऱ्यात बसून एकच घोकत होती, की मी पोराला बाहेर न्यायला पाहिजे होतं.

"तिचं ऐकलं आन् मीनं ठरवलं," वहिनी म्हणाल्या. "मशीन काय करते ते आपल्या हातात नाही. झोप आपल्या हातात आहे. यांची झोप मोडली असं माह्यावर कधी येऊ द्यायचं नाही."

एवढंच त्यांचं शास्त्र. त्याला त्यांनी जन्म वाहिला. मला त्या वेळी ते थोडं अतीच वाटायचं, पण त्यात खोट काढायला जागा नव्हती.

वरातीचा किस्सा गल्लीत अजून सांगतात. भर दुपारची वरात आमच्या रस्त्याने निघाली होती. पुढे बँड, मागे घोडा, नवरदेवाचे मित्र नाचून नाचून घामाघूम. वहिनी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत, हातही वर केला नाही, नुसत्या उभ्या. बँडमास्तरच्या कानाशी काहीतरी बोलल्या. तो बिचारा स्वतः कुठेतरी रात्रपाळी केलेला असावा. त्याने हात खाली केला आणि सगळा बँड गप्प झाला. मग ती वरात आमच्या गल्लीतून अंत्ययात्रेसारखी गेली, कर्णेवाले कर्णे काखेत धरून, ढोलवाला ढोलावर हात दाबून, घोड्याच्या टापांचा तेवढा आवाज. कोपरा ओलांडल्यावर बँड पुन्हा सुरू झाला. नवरीकडची माणसं वर्षभर बोलत होती म्हणे की त्या बाईने अपशकुन केला. वहिनींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, शकुन काय, यांचे तीन घंटे तर झाले ना.

सासरे गावाहून यायचे तेव्हा मात्र वहिनींची फजिती व्हायची. म्हातारा जन्माचा शेतकरी, पहाटे उठून खाकरत, देवाचं नाव घेत अंगणभर फिरणारा. मुलगा उन्हं डोक्यावर आली तरी झोपलेला बघून त्याला ते सहनच व्हायचं नाही. "आजारी आहे काय पोरगा?" असं तो रोज नव्याने विचारायचा आणि वहिनी रोज नव्याने समजवायच्या. शेवटी त्यांनी सासऱ्यांचं अंथरूण सरळ आमच्याकडे टाकलं. म्हातारा आमच्या व्हरांड्यात बसून मला सांगायचा, की माझ्या घरात दिवसा दार लावून कोणी निजलं तर गावात विचारायला येतील, कोण गेलं म्हणून. मी हसून सोडून द्यायची. त्याच्या डोळ्यांत खरी भीती असायची, हे मला आज आठवतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा रवी. हा मुलगा लहानपणी रडायचासुद्धा आवाज न करता. पडला, गुडघा फुटला की तोंडावर हात दाबून धरायचा आणि डोळ्यांतून पाणी गाळायचा. हसू आलं की धावत अंगणाबाहेर जायचा, तिथे हसून घ्यायचा आणि परत यायचा. शाळेतल्या बाईंनी तक्रार केली होती की हा उत्तर येत असूनही बोलत नाही. वहिनींना त्याचं कौतुक होतं. "समजदार आहे माहा रवी, बापाची ड्यूटी जाणते," त्या म्हणायच्या. मला मात्र त्या पोराचा दाबलेला हात बघून कसंतरी व्हायचं. कारखान्याने भाऊजींना पगार दिला होता. या पोराला काय दिलं होतं, की त्यानेही गप्प बसावं?

वहिनींची एकच इच्छा होती. रवीने बापासारखं रेग्युलर, कायमच्या नोकरीत लागावं. आठ तास ड्यूटी, क्वार्टर, दवाखाना, आणि घरी आल्यावर राखलेली झोप. रवी आयटीआय झाला, फिटर. पण तोवर काळ फिरला होता. नवी यंत्रं आली होती. जिथे पूर्वी माणसांची टोळी लागायची तिथे काचेच्या थंड खोलीत बसून पडद्याकडे बघणारा एक जण पुरत होता. भरती आटली. एकेका जागेसाठी मुलांची जत्रा लोटायची. रवी परीक्षांना बसला, थोडक्यात राहिला, पुन्हा बसला, वय निघून गेलं. शेवटी जामुलकडच्या एका खासगी रोलिंग मिलमध्ये ठेकेदाराकडे लागला. बापाचंच काम, पण बारा तास. नाव कुणी विचारायचं नाही, गेटवर अंगठा लावायचा, यंत्राने ओळखलं की आत. एखाद्या दिवशी बदली माणूस आला नाही की तिथेच दुसरी शिफ्ट, तिला डबल म्हणायचे. यंत्रं दिवसेंदिवस हुशार होत गेली आणि माणूस स्वस्त होत गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी एकाच घरात पाहिलं.

भाऊजी रिटायर झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. आम्हीही त्याच सुमारास बोरसीला घर बांधलं. आमच्यासारखे जनरलवाले बोरसीला गेले आणि बावणे गेले जामुलच्या रस्त्याला, कारण रवीला गेट जवळ पडायला हवं होतं. दोन खोल्या, वर पत्रे. भाऊजींची तिथे वेगळीच तऱ्हा झाली. इतकी वर्षं आठवड्याला फिरवलेलं शरीर, त्याला आता कधी झोपायचं ते कळेना. पहाटे उठून कामाचे बूट घालून बसायचे आणि उजाडलं की काढून ठेवायचे. फार दिवस काढले नाहीत त्यांनी. हृदयाने गेले, बसल्या जागी.

आता वहिनींना राखायला एकच झोप उरली, आणि जागा अशी की कुणालाही देव आठवावा. घराला लागूनच गेट-ग्रिल बनवणारं वर्कशॉप. सकाळी नऊला ग्राइंडर सुरू व्हायचा तो दिवस मावळेपर्यंत. त्यात हातोडे, त्यात ट्रकमधून उतरणारे लोखंडी अँगल. वहिनींनी भिंतीला गोधड्या टांगल्या, पत्र्याखाली जुनी कांबळी ठोकली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. मग त्या वर्कशॉपमध्ये गेल्या. मुकेश नावाचा मालक, रवीच्याच वयाचा, भला मुलगा. त्याने त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि हात जोडून सांगितलं की अम्मा, मशीन बंद केली तर मी काय खाऊ. आमच्या गल्लीत सगळ्यांची भाकरी एकाच भट्टीवर भाजली जात होती, म्हणून एकाच्या झोपेची किंमत दुसऱ्याला होती. इथे ज्याची त्याची भट्टी वेगळी.

आणि त्यात मोबाईल. रवी तो छातीवर ठेवून झोपायचा, कारण ठेकेदार कधीही बोलवायचा. एकदा वहिनींनी तो हळूच बंद करून ठेवला. रवीची डबल चुकली, आणि ठेकेदाराने त्याला पुढचा आठवडाभर घरी बसवलं. त्यानंतर वहिनींनी त्या यंत्राला हात लावला नाही. मी भेटायला गेले की त्या त्याच्याकडे असं बघायच्या, जसं काही ते घरात शिरलेलं जनावर आहे आणि मारताही येत नाही.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी आमच्याकडे सगळी वर्कशॉप बंद असतात. यंत्रं धुतात, हार घालतात, प्रसाद वाटतात, आणि सकाळपासून लाउडस्पीकर लावतात. त्या सकाळी रवी घरी आला तो नाईट करून, आधीच्या दिवसाची डबलही अंगावर. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाला, वरून काहीतरी घसरून हेल्मेटवर पडलं, थोडा वेळ चक्कर आली, सुपरवायझरने बाकावर बसवलं, चहा पाजला, घरी जाऊन झोप म्हणाला. वहिनींनी डोकं चाचपून पाहिलं. ना टेंगूळ, ना रक्त. त्याने चहा घेतला आणि मोरीवर जाऊन उलटून टाकला. नाईटवाल्यांना पित्ताचं हे दुखणं जन्माचं असतं, भाऊजीही असेच ओकायचे, त्यामुळे वहिनींना त्यात वावगं काही दिसलं नाही.

"डोकं जड झालं आई. झोपतो," रवी म्हणाला. "उठवू नोको."

हे सांगायची गरजच नव्हती.

वहिनी वर्कशॉपमध्ये गेल्या. मुकेशने नुकताच स्पीकर जोडला होता. त्या त्याला म्हणाल्या की रोज मी काही मागत नाही, आज तुझ्या मशीन बंदच आहेत, तर संध्याकाळपर्यंत गाणी लावू नको, माझा पोरगा दोन शिफ्टांचा थकला आहे. मुकेशने वायर काढली. हे मला त्यानेच सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या दिवशी त्या वर्कशॉपची पूजा घंटासुद्धा न वाजवता झाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या घरावर शांतता उतरली, आणि वहिनी दारात पाट टाकून बसल्या.

आतून रवीच्या घोरण्याचा आवाज येत होता. मोठा, खोल, खरखरीत. तो एरवी घोरत नसे. वहिनींना वाटलं, किती दिवसांची झोप भरून निघते आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी हातानेच थांबवलं. शेजारीण प्रसाद घेऊन आली तिला त्यांनी कौतुकाने सांगितलं, की ऐक, कसा घोरून राहिला माझा रवी. दुपारी त्याचा मोबाईल वाजला. पूजेमुळे मिल बंद होती, त्यामुळे दुरुस्तीच्या कामाला माणसं हवी होती. वहिनींनी इतक्या दिवसांनी तो हातात घेतला आणि ठेकेदाराला सांगितलं, "सोया है. मैं नहीं उठाती." आणि बंद केला. तेव्हा आपल्याला फार बरं वाटलं होतं, असं त्या मला म्हणाल्या.

नाईटवाल्याला हलवून उठवायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. चहा करायचा, उशाशी ठेवायचा, वासाने तो आपण होऊन जागा होतो. भाऊजी तसेच उठायचे. उन्हं उतरल्यावर त्यांनी चहा केला आणि रवीच्या उशाशी ठेवला. घोरणं मघाशीच थांबलं होतं. कूस बदलली असेल, असं त्यांनी धरलं होतं. चहावर साय आली तेव्हा त्या आत गेल्या, तो कप उचलला, दुसरा चहा केला आणि तोही ठेवला. मग त्यांनी त्याच्या पायाला हात लावला.

डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यात आतल्या आत रक्त साचत गेलं. ते घोरणं झोपेचं नव्हतंच. सकाळी आणलं असतं तर कदाचित वाचला असता, हेही सांगितलं. सांगायलाच हवं होतं का? मला आजही त्या डॉक्टरांचा राग येतो. त्यांची काही चूक नाही हे कळतं, तरी येतो.

तिसऱ्या दिवशी मिलकडून एक माणूस आला. मीही तिथेच होते. स्वच्छ कपडे, मऊ आवाज, आल्याबरोबर वहिनींच्या पाया पडला. बरोबर दोन कामगार, रवीच्याच टोळीतले. त्याने विचारलं, रवी घरी कसा आला? वहिनी म्हणाल्या, पायी. बोलला का? बोलला. चहा घेतला? घेतला. आणि मग?

"फिर सोया," वहिनी म्हणाल्या. "बहुत अच्छा सोया. मैंने किसी को उठाने नहीं दिया."

तो माणूस त्या दोघांकडे वळून म्हणाला, "सुन लिया ना?" त्या दोघांनी माना खाली घातल्या. वरून पडलेल्या वस्तूबद्दल मी विचारलं तर त्यांना काही आठवेना. गेटच्या यंत्रावर रवीचा अंगठा बाहेर पडल्याचा लागलेला होता. तो आपल्या पायांनी गेला, आईशी बोलला, आपल्या अंथरुणात झोपला, मग मिलचा त्याच्याशी काय संबंध? इतकं साधं होतं ते. सुपरवायझरने ज्याला घरी जाऊन झोप म्हटलं तो माणूस घरी जाऊन झोपला, आणि दोष झोपेचा निघाला. ज्या झोपेसाठी या बाईने आयुष्यभर अनवाणी पायांनी पहारा दिला, तीच मिलवाल्यांनी तिच्या पदरात पुरावा म्हणून घातली. आणि ती खरंच बोलत होती. मी तिथे ओरडले, भांडले. त्या माणसाने माझंही नम्रपणे ऐकून घेतलं. मला त्या वेळी वहिनींचाही राग आला होता. जरासं खोटं का बोलली नाहीस, असा. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि तो राग कुठे ठेवावा ते कळेना. त्या त्यांच्या माहेरच्या भावाच्या बायकोसारख्या कोपऱ्यात बसून काही घोकत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या.

केस करू, असं आमच्या यजमानांनी सुचवलं. वहिनींनी मान हलवली. "काय विचारतीन ते कोर्टात? हेच ना, का तुमी कावून नाही उठवलं?" त्या म्हणाल्या.

या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेले होते. बऱ्याच दिवसांनी. यजमानांच्या गुडघ्याचं निमित्त, माझ्या डोळ्यांचं निमित्त, म्हातारपणी निमित्तं पुष्कळ असतात. भिंतीवरच्या गोधड्या निघाल्या होत्या. दार-खिडक्या सताड उघड्या, ग्राइंडरची किरकिर सरळ घरात. वहिनी आता मोठ्याने बोलतात. मला ते ऐकूनच दचकायला झालं. इतक्या वर्षांत त्यांचा खरा आवाज मी ऐकलाच नव्हता, तो चांगला खणखणीत निघाला. त्यांनी कुकर लावला, भात-वरण, वांग्याची भाजी केली, मला आग्रहाने वाढलं. जेवण झाल्यावर खाटेवर मी जरा टेकले आणि उन्हाने माझा डोळा लागला असेल नसेल, तर त्यांनी मला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

"सुनंदा. ए सुनंदा. बोल काहीतरी."

मी घाबरून उठून बसले. वहिनी, अहो मी जरा डोळे मिटले होते, एवढंच म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, पटलं तसं खांदे सोडले आणि चहा ठेवायला गेल्या. पण थोड्या वेळाने पाहते तर पुन्हा जवळ येऊन उभ्या. मी मग आडवी झालेच नाही.

निघताना त्या मला ऑटोपर्यंत सोडायला आल्या. त्यांच्या घराच्या मागे भाड्याच्या खोल्यांची ओळ आहे, टिनाची दारं, बाहेर दोरीवर घामाने पांढरे पडलेले निळे शर्ट. ठेक्यावरची मुलं राहतात, कुणी ओडिशाचं, कुणी बिहारचं, नाईट करून आलेली. त्या ओळीपाशी वहिनी थांबल्या आणि मला म्हणाल्या, थांब जराशी. पहिल्या दाराची कडी त्यांनी जोरजोराने वाजवली. मी म्हटलं, वहिनी, नाईटवाले झोपले असतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाजूला भांडी घासत बसलेली एक तरुण बाई मला म्हणाली की अम्मा रोज येते, दिवसातून पुष्कळदा येते. पहिल्यांदा मुलं शिव्या द्यायची, एकाने तर अंगावर पाणी फेकलं होतं. घरमालकानेही सांगून पाहिलं. आता कुणी काही म्हणत नाही.

आतून उत्तर येईना. वहिनींचा चेहरा बदलत गेला. त्यांनी दगड उचलला आणि त्या टिनावर मारायला सुरुवात केली, एक, आणखी एक. सगळी ओळ दणाणून गेली. मी त्यांचा हात धरायला पुढे झाले.

"जिंदा हूँ, अम्मा," आतून आवाज आला. झोपेने जड झालेला, पण न चिडलेला, रोजची हजेरी द्यावी तसा.

वहिनींनी दगड खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि पुढच्या दाराकडे गेल्या.